मागचं चाक काय म्हणतंय

दादा गेल्याचा फोन परभणीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आला. शॉक अब्सॉर्बर आणायला गेला होता, तिथंच बाकावर बसला अन्... दुकानदाराला दोनदा विचारलं, कोण बोलतंय म्हणून.

माझे मालक वारल्यापासून मी गंगाखेडला दादाकडंच राहते. शाळा चौथीपर्यंत. दादाचं गॅरेज घराला लागूनच. कुठलीही गाडी दुरुस्त झाली की तो मला शेजारी बसवून चक्कर मारायचा. माझी पाठ दुखरी, लहानसा दणकासुद्धा लागतो. "स्टेअरिंग धरलं की मला पुढचंच कळतंय शांते, मागचं चाक काय म्हणतंय ते तू सांग," म्हणायचा. अनोळखी गिऱ्हाइकाला हसून सांगायचा, "आमचं मशीन हाय हे, भाकरीवर चालतंय."

दादा असताना एकदा परभणीचे एक डॉक्टर लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. दोनच माणसं बसतील अशी. रविवारी बायकोला घेऊन घाटात जायचं होतं. गाडीची उंची कमी करा, स्प्रिंग कडक टाका, वळणावर झुकायला नको, असं त्यांचं म्हणणं. दादा म्हणाला, "साहेब, घाटाचा रस्ता काय काचेचा हाय का? वळणात खड्डा लागला की कडक गाडी उडतीय. उडालेलं चाक रस्ता कसा धरंल?"

"इंटरनेटवर सगळे कडकच सांगतात."

"ते रेसच्या रस्त्यावर चालवायलेत. तुमी घाटात जायलात."

डॉक्टर ऐकेनात. शेवटी दादानं कडक बसवून दिलं अन् डोंगराकडच्या रस्त्यावर मला बसवून चक्कर मारली. परत आल्यावर डॉक्टरांसमोर विचारलं, "बोल शांते." मी खाली बघत राहिले. डॉक्टर खुशीत गाडी घेऊन गेले.

जेवताना मी म्हटलं, "दादा, मागचं चाक उडालं होतं. दोनदा."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"परका माणूस होता ना."

दादा रागावला नाही. उष्ट्या हातानंच फोन लावला, "साहेब, घाटात जाऊ नका, गाडी आणा." दुसऱ्या दिवशी त्यानं जुने नरम स्प्रिंग परत टाकले, गाडी दोन बोटं वर घेतली अन् मागच्या शॉकची कडक-नरम करायची चकती टक टक फिरवत सैल केली. वळणावर थोडी झुकायची, पण चाक रस्ता सोडत नव्हतं. डॉक्टर रविवारी घाटात जाऊन नीट आले.

दादा जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा डॉक्टर भेटायला आले. पुण्यात शॉक नवे बसवलेत म्हणाले, पुन्हा घाटात जायचंय, पण आता विचारायचं कोणाला... वहिनी म्हणाली, "वन्सं, जा की."

मी बसले. डोंगराच्या वळणावर माझ्या पाठीला कळलं.

"थांबवा," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "मागनं उडतीय."

डॉक्टर खाली उतरले, चाकाजवळ वाकले अन् विचारलं, "किती सैल करू?"

"एक टक. अन् ह्याच वळणावरून परत घ्या."