आई झाडाशी बोलली ते

कॉलेजातल्या माझ्या एका मैत्रिणीनं स्वतःच सिनेमा काढायचं ठरवलं. गोष्ट अशी, की एक माणूस घर सोडून सातपुड्यात जातो आणि तिथं झाड होतो. बऱ्याच वर्षांनी त्याची बायको त्या झाडाला शोधत येते. बायकोचं काम करणारी बाई ऐनवेळी आली नाही, म्हणून मैत्रिणीनं माझ्या आईला विचारलं. मला ते बरं वाटलं नाही. मी सहावीत असताना माझे वडील कामासाठी सुरतेला गेले ते परत आलेच नव्हते. पण आई लगेच तयार झाली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वरवट बकालहून जळगाव जामोदची बस धरली.

शूटिंग डोंगराच्या पायथ्याशी, एका अंजनाच्या झाडाखाली होतं. आईच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून मी थर्माकोलची पांढरी शीट धरून उभी होते.

"काकू, लिहिलेलं नाही आठवलं त मनचं बोला," मैत्रीण म्हणाली.

आईनं खोडावर हात ठेवला. "मांगच्या पोळ्याले तुम्ही आलते. दारातच उभे राह्यले. पाणी मांगतलं, म्या देल्लं. पोरगी होस्टेलवर होती. बसा म्हणलं नाही म्या. तिलेही सांगतलं नाही."

माझ्या हातातली शीट हलली, त्यामुळे तेच पुन्हा घ्यावं लागलं. आईनं पुन्हा सगळं तसंच सांगितलं, फक्त पाण्याऐवजी चहा आला.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "बाबा खरंच आलते का?"

"सिनेमा होता ना तो."

"मंग पोळा, होस्टेल, हे कुठून आणलं?"

"बोला म्हणली ते पोरगी, मी बोलली."

पुढं खामगावात एका सभागृहात सिनेमा दाखवला. आमच्या शेजारची काकू बाहेर पडताना डोळे पुसत मला म्हणाली, "हाव, त्या पोळ्याले मी पाह्यलं तुह्या बापाले. गल्लीतून जाऊन राह्यला होता. दाढी वाढली होती."

दाढी सिनेमातल्या माणसाला होती. वडिलांना मी कधी दाढीत पाहिलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत ती वाढलीही असेल.

घरी आल्यावर मी आईला शेवटचं विचारलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले काय पायजे? आलता म्हणू, का नाही आलता म्हणू?"

मी तिच्याजवळ बसून शेंगा सोलू लागले.

मैत्रीण आता दुसरा सिनेमा करते आहे. तिनं आईला पुन्हा बोलावलं, तर आई नाही म्हणाली. काऊन, ते मी विचारलं नाही.