बूट दाराबाहेर

माझ्या दिराची मुलगी आता आमची झाली, असं कोर्टाने लिहून दिलं तेव्हा मी सुटकेचा नि:श्वास टाकला. जरा घाईच केली. खरी धाकधूक ती घरात आल्यावर सुरू झाली.

धाकटा दीर टांझानियात एका कारखान्यात नोकरीला होता. तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि तिथेच रमला. मग एका अपघातात दोघंही गेले, सात वर्षांची पोर मागे राहिली. तिच्या आजोळी तिला सांभाळेल असं कोणी नव्हतं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ‘आपण आणू या तिला’ हे नवऱ्याच्या आधी मी म्हटलं होतं, आणि ते मी त्याला अजून ऐकवते. पण दोन देशांचे कायदे, दूतावास, कोर्ट, दत्तकाची कागदपत्रं यांत वर्ष कधी उलटलं कळलं नाही. तोवर ती तिथल्या भारतीय कुटुंबांकडे आळीपाळीने राहिली. चांगली माणसं होती. त्यांच्यामुळे तिला मोडकीतोडकी हिंदी यायला लागली, नाहीतर आमचं बोलणंच खुंटलं असतं.

कल्याणला शहाडच्या बाजूला आमची बिल्डिंग. तिथे तिला घेऊन उतरले आणि सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उगवली. तिचा सावळ्याहून सावळा रंग, बारीक कुरळे केस, काहीही लोकांच्या नजरेतून सुटेना. ‘तेल लावून बघा हो, सरळ होतील,’ असं एकीने सांगितलं. दुसरीने विचारलं, ‘पाहुणी आलीय का तुमच्याकडे?’ म्हटलं, ‘नाही, मीच पाहुणी आलेय तिच्याकडे.’ मी भांडकुदळ आहेच, त्या दिवसांत मला नुसतं निमित्त पुरायचं.

सासूबाई मात्र कोणाशी भांडत नव्हत्या. त्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसायच्या, त्यात आपला मुलगा शोधत. एक दिवस म्हणाल्या, ‘कान बघ, कान त्याचेच आहेत.’ आणि पदर डोळ्यांना लावला.

तिचे निळे कॅनव्हासचे बूट होते. बाहेरून आली की ते हातात घेऊन घरात शिरायची आणि पलंगाखाली उशीच्या बाजूला ठेवायची. आमच्याकडे चपला दाराबाहेरच्या रॅकवर, हा सासूबाईंचा नियम. लग्न होऊन आले तेव्हा मलाही पहिला धडा हाच मिळाला होता. ‘अगं, देव आहेत घरात. बूट आत कशाला?’ त्या म्हणायच्या. मग रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी ते बूट उचलायचे, बाहेर नेऊन ठेवायचे. ती बघत राहायची. थोड्या वेळाने आत जावं तर कपडे घड्या घालून बॅगेत भरलेले, चेन लावलेली आणि ही पलंगाच्या कडेला बसलेली.

‘किती व्यवस्थित आहे पोर!’ मी सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले.

पण ती धड जेवत नव्हती. हाक मारली की दचकायची. माझं ठाण्याच्या ऑफिसात लक्ष लागेना. सारखा घरी फोन. जेवली का? काय करतेय?

‘बसलीय,’ सासूबाई म्हणायच्या.

‘मघाशी पण बसलेलीच होती ना?’

‘मग आता काय उभी करू तिला?’

एका रविवारी मी हट्टाने तिची बॅग रिकामी केली आणि कपाटाचा एक कप्पा तिला लावून दिला. तिच्याकडूनच घड्या ठेवून घेतल्या. वाटलं, आता बसेल बस्तान. संध्याकाळी नेहमीसारखे बूट बाहेर ठेवले. परत आले तर कप्पा रिकामा, बॅग भरलेली. माझं डोकंच फिरलं.

‘अगं, काय चाललंय तुझं? कपाट काय शोभेला दिलंय?’

ती घाबरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, ‘अब किसके घर जाना है?’

‘कुठे जायचंय? कोणी सांगितलं?’

तिने दाराकडे बोट केलं. ‘जूते बाहर रखे ना.’

हळूहळू विचारत गेले तेव्हा उलगडलं. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं असलं की आदल्या संध्याकाळी तिची बॅग भरायची आणि बूट दाराशी काढून ठेवायचे. सकाळी घाई नको म्हणून. दर घरी हेच. त्यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. आणि ती आल्यापासून मी, स्वतःच्या हाताने, रोज संध्याकाळी तिचे बूट बाहेर ठेवत होते.

नवरा म्हणाला, ‘शांतपणे समजावू या तिला.’ पण समजावायचं तरी कसं, कुठल्या भाषेत, तेच मला सुचेना. सासूबाई देवासमोर वात करत बसल्या होत्या. त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, बाहेर गेल्या, बूट घेऊन आल्या आणि वाकून पलंगाखाली ठेवले. उशीच्या बाजूलाच.

मी म्हटलं, ‘आई, देव...’

‘देव काय तिच्या बुटांवर डोळा ठेवून बसलेत?’ त्या म्हणाल्या. हात धुतले आणि दिवा लावला.

बॅग भरणं काही लगेच थांबलं नाही. पुढे ते कमी झालं, मग बंद पडलं. बूट मात्र पलंगाखालीच राहिले. ती शाळेत जायला लागली, मराठी बोलायला लागली, वरच्या मजल्यावरच्या एका मुलीशी गट्टी जमली. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता तो नव्हताच. ऑफिसातून आले की पर्स टाकायच्या आधी मी वाकून पलंगाखाली बघायचे. बूट दिसले की मग पाणी प्यायचं.

परवा घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. सासूबाई देवळात गेलेल्या. पलंगाखाली काही नाही. मी बाहेर धावले. निळे बूट रॅकवर, आमच्या चपलांच्या रांगेत.

कुठे निघाली ही? कोणी काही बोललं का? मी जिना उतरून वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, खाली नाही आली. मग तशीच धापा टाकत वर, प्रत्येक मजल्यावर हाका मारत. वरच्या मजल्यावर दार उघडंच होतं. दोघी मुली टीव्हीपुढे फतकल मारून बसलेल्या, मध्ये चुरमुऱ्यांचं भांडं. माझी हाक ऐकून तिने मान वळवली आणि आधी माझ्या पायांकडे बघितलं.

‘काकू, तुझी चप्पल?’

मी खाली बघितलं. मी अनवाणीच धावत सुटले होते.

‘घरी आहे,’ मी म्हटलं.

‘माझे बूट पण घरी आहेत,’ ती म्हणाली आणि पुन्हा टीव्ही बघायला लागली.