न खाजणारं नाक

खाज ओळखावी तर आमच्या आजोबांनीच. अख्ख्या जपानात तसा दुसरा माणूस नसेल. आजोबा माझे नव्हेत, क्योतोबाहेरच्या डोंगरावर सात लामा सांभाळणारे. लामा म्हणजे मठातले नव्हेत, उंटाच्या जातीतलं लोकरीचं जनावर. पत्रात हे लिहायचं राहिलं, तर मी जपानात साधूंची अंगं तपासतो असं आईने चार घरी सांगून टाकलं. खाजेशी माझं वैर जुनं. वडील गावोगाव मेंढ्या कातरायचे; कळपात खरूज शिरली की कातरणी थांबे आणि आमची चूल एका वेळेवर येई. त्या घरातला मी पहिला पदवीधर, जनावरांचा डॉक्टर. नव्वदच्या दशकात क्योतोच्या विद्यापीठात संशोधनाला गेलो, हे सांगताना मी संकोच करत नाही.

आजोबा हात लावण्याआधी लामापुढे वाकून परवानगी मागत. प्रत्येकीच्या नावापुढे सान, आपल्या 'जी'सारखं. लामा गुणगुणल्या की तेही डोळे मिटून गुणगुणत, आणि धुक्यात नक्की कोण गुणगुणतंय ते कळत नसे. एखादी कुंपणाला पाठ घासू लागली की हे आपली पाठ खाजवत. एकदा चहा पिता पिता मांडी खाजवत म्हणाले, "धाकटी." जाऊन पाहिलं, तर धाकटी खरंच मांडी चावत होती.

त्यांची लाडकी युकी-सान. तिच्या नाकाडावर जाड खपल्या धरल्या. मी खरवडून तपासलं, किडा सापडला नाही. लपला असेल म्हटलं आणि खरजेचं औषध दोनदा टोचलं. फरक शून्य. रोग इतरांना लागायच्या आत, महिनाअखेरीस तिला कायमचं झोपवा, असं लामांच्या मालकांनी सांगितलं. मी गेलो की आजोबा तिच्या नाकाला गाल लावून म्हणत, "कायू नाय." माझं जपानी बेताचं. 'कायुई' म्हणजे खाजतंय, एवढं पाठ. मी मान हलवून केसपेपरवर लिहायचो: खाज आहे.

एका सकाळी धुकं इतकं दाट की आजोबा दिसेनात, नुसता आवाज आला. माणूस दिसत नव्हता म्हणून असेल, पण तो आवाज थेट आमच्या गावचा वाटला. कायू. नाय.

"नाय?" मी मराठीतच विचारलं.

"नाय," आजोबा म्हणाले.

तिकडच्या बोलीतही 'नाय' म्हणजे नाहीच. खाज नाही, किडा नाही, म्हणजे खरूजच नाही. अंगात जस्त कमी पडलं तरी अशा खपल्या येतात. मालकांकडून दोन महिने मागून घेतले आणि चाऱ्यातून जस्त सुरू केलं. भरवताना आजोबा तिला समजावत, या इंदो-सानना, म्हणजे मला भारतवाल्याला, ऐकू कमी येतं, रागावू नकोस.

खपल्या गळाल्या. खाली करडी लव आली, तेव्हा आजोबा तिच्यावरून बोट न टेकवता हात फिरवत राहिले, झोपेत असल्यासारखे. आता ते नाहीत. युकी-सान त्यांच्यामागे चार वर्षं जगली.