चव उत्तम

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, पण नवी पेठेमागच्या आमच्या अन्नछत्रातली पंगत काही आटली नव्हती. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली खेड्यापाड्यांतली माणसं दुपारी तिथं जेवत. संस्थेचा कारभार चोख हवा म्हणून चिटणीस या नात्याने मी एक नियम करून घेतला. रोज एका सभासदाने पंगतीत बसून तेच अन्न जेवायचं, मग वहीत शेरा लिहून सही करायची. या नियमाचा मला भलताच ताठा होता.

वर्षभर वहीत एकच शेरा होता, 'चव उत्तम'. इकडे माणसं अर्धी भाकरी ताटात टाकून उठायची.

कडू भाकरीची ओरड फारच वाढली, तेव्हा बैठक बसली. स्वयंपाकाच्या मावशी नातेपुत्याच्या. नवऱ्याला दवाखान्यात घेऊन आल्या, तो गेला आणि त्या आमच्या चुलीपाशीच राहिल्या. छत्रामागची खोली हेच त्यांचं घर.

"बाईचा हात बिघडलाय. दुसरी बघा," अध्यक्ष म्हणाले.

"ज्वारी कुबट हाय मालक. म्या तीनदा सांगितलं की."

ज्वारी अध्यक्षांच्याच गोदामातून दानात आलेली. "धर्माची गाय अन् दात का गं नाय!" ते म्हणाले, आणि सगळे खो-खो हसले. सांगायला लाज वाटते, मीही हसले. वर वही उघडून म्हणाले, "ज्वारी वाईट असती तर इथं आलं नसतं का?"

मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "सोमवारी कोन जेवलं, बाई?"

"अध्यक्ष."

"त्यांचा तर सोमवार असतोय. केळी खाऊन जात्यात."

मी पानं उलटू लागले. मंगळवारी देवीच्या उपासवाल्या बाई, शुक्रवारी संतोषीमातेच्या. शनिवारी मारुतीचे भक्त खजिनदार. बुधवार कुणाच्याच उपासाचा नव्हता आणि रविवार सुटीचा, म्हणून त्या दिवशी कुणी फिरकतच नसे. उपासाच्या दिवशी नाहीतरी जेवण बुडतंच, तेव्हा पाळी उरकून घ्यावी, हा हिशेब सगळ्यांना एकमेकांना न विचारता सुचला होता. गुरुवारच्या सह्या माझ्या होत्या.

त्या दिवशीही गुरुवारच होता. मावशींनी भाकरी आणून माझ्यापुढे ठेवली. "ऱ्हाऊ द्या, तुमचा उपास हाय," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

मी तुकडा मोडला. कडूजहर! पाण्यासोबतसुद्धा घशाखाली उतरेना. अध्यक्ष छताचा पंखा बघत बसले. मी वहीत 'कडू' असं लिहून खाली सही केली. मावशी राहिल्या, ज्वारी परत गेली.

नंतर चुलीपाशी जाऊन मी विचारलं, "मावशी, वर्षभर तुम्ही हीच भाकरी खात होता?"

"मग? आमाला कुटला वार हाय, बाई?"