तुतीच्या शेडचं निळं दार

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. आमच्या घरी देव्हाराच नाही, तर भूत कुठून येणार? अंगात आलेल्या बाईला भर गर्दीत उलट प्रश्न विचारून मी शिव्या खाल्लेल्या आहेत. कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटणारी आणि माईक हातात आला की खाली न ठेवणारी मी मुलगी. तेव्हा हे वाचून हसावंसं वाटलं तर हसा. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसले असते.

परतूर तालुक्यात, वाटूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत तात्या नावाच्या एका शेतकऱ्याचं तुतीचं रान आहे आणि रानाच्या कडेला रेशीम किड्यांचं शेड. विटांच्या भिंती, वर पत्रे. माशी आत शिरू नये म्हणून खिडक्यांना बारीक जाळी. आत-बाहेर करायला एकच दार, पत्र्याचं, निळ्या ऑइल पेंटचं. ते आत उघडतं.

तिथे आम्ही गेलो ते ओजेटीसाठी. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. 'वेगवेगळी क्षेत्रं अनुभवा, आपलं करिअर निवडा' असा बोर्ड कॉलेजने लावलाय. माझी मैत्रीण शीतल हिने आधी बँक 'अनुभवली', म्हणजे लोकांची पासबुकं मशीनमध्ये घालून दिली. मग पॅथॉलॉजी लॅब 'अनुभवली', म्हणजे काचेच्या नळ्या धुतल्या. ती लॅब मध्येच बंद पडली आणि तिचे तिथले तास कुणी धरलेच नाहीत. आमचा सवाल साधा होता आणि आहे... फुकट मजूर पुरवायला कॉलेज काढलंय का?

पण शीतलचा प्रश्न पत्रकाने सुटणारा नव्हता. तास भरले नाहीत तर वर्ष अडकणार, आणि वर्ष अडकलं तर शिक्षण बंद, असं तिच्या वडिलांनी जेवताना शांतपणे सांगून टाकलं होतं. रेशीम शेड ही तिची शेवटची जागा होती. माझे तास आधीच पुरे झाले होते, तरी मी मुद्दाम तीच घेतली. एक तिला सोबत म्हणून, आणि खरं सांगायचं तर पत्रकाला मसाला मिळेल म्हणून.

मसाला पहिल्याच दिवशी मिळाला. आत जायचं तर फोन बाहेरच्या टोपलीत. पाय ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवायचे. पावडर नको, अत्तर नको, मोठ्याने बोलणं नको. मी प्रत्येक नियमाचं कारण विचारायला लागले तर तात्या म्हणाले, "पुढारीणबाई, अळ्यांला घोषणा कळत न्हाईत. पाला कळतो."

शीतल हसली. तिला तिथलं काम आवडून राह्यलं होतं, हे मला तेव्हाच दिसलं आणि थोडं टोचलंही.

ते घडलं तेव्हा अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या. या अवस्थेत त्या खातात आणि फक्त खातात. रॅकवर फांद्या टाकल्या की सगळीकडून एक कुरकुर सुरू होते. पत्रकांचे गठ्ठे एकदम शेकडो लोक चाळतायत, तसा आवाज. ऊन कलायला लागलं होतं. तात्या पाला कापायला रानात गेले आणि आम्ही दोघी रॅकवर फांद्या पसरत होतो. हातातला भारा संपला म्हणून शीतल दाराकडे गेली आणि तिथूनच म्हणाली, "प्रज्ञे, दार लावलंय गं."

माझी पहिली प्रतिक्रिया भीतीची नव्हती. मला आनंद झाला. विद्यार्थिनींना कोंडून काम करून घेतलं जातं... यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मी जाऊन दार ओढलं. हललं नाही. बाहेरून कडी. तात्यांना हाक मारली, मग नावाने मारली, मग नावाला जे जोडू नये ते जोडून मारली. कुणी ओ देईना.

मग आम्ही दार वाजवायला लागलो. पत्र्याचं दार वाजवलं की रानभर आवाज जायला पाहिजे. हे दार भिंतीवर हात आपटावा तसं वाजत होतं. मुकं. मागे ती कुरकुर चाललेली, आम्ही कितीही ओरडलो तरी ना वाढणारी, ना कमी होणारी. जाळीतून उजेड येत होता पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. तुती नाही, रस्ता नाही. नुसता पांढरा उजेड.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एवढं सांगते की आम्ही टाकलेला पाला आमच्या डोळ्यांदेखत संपला. फांद्यांच्या काड्या राहिल्या. तरी कुरकुर थांबेना. अळ्या डोकी वर करून इकडे तिकडे हलवत होत्या, खायला काही नव्हतं, आणि खाण्याचा आवाज मात्र चालूच. शीतल खाली बसली आणि तिने कान झाकून घेतले.

"तू काहीतरी बोल ना," ती म्हणाली. "तू तर कायम बोलतीस. आता बोल."

मला एक वाक्य सुचलं नाही. मी पुन्हा दाराशी गेले आणि नखांनी दार ओरबाडायला लागले. का, ते माहीत नाही. माणूस तसं करतो.

आणि मग तात्या आत होते. दार उघडताना मी पाहिलं नाही. खांद्यावर पाल्याचा भारा, पाय ओले. म्हणाले, "आजून बसल्याच का? मंगाशीच म्हणलं होतं, पाला टाका."

मी त्यांच्यावर धावूनच गेले. कोंडून ठेवता, पोलिसात जाते, सोडत नाही... जे तोंडात आलं ते. तात्यांनी भारा खाली ठेवला आणि खरंच न कळल्यासारखं विचारलं, "कोणतं दार?"

दार उघडं होतं. आतल्या भिंतीला टेकवून तारेने खिळ्याला बांधलेलं. वारा यावा म्हणून तात्यांनी सकाळीच बांधलं होतं आणि पुढे तुतीच्या फांद्या उभ्या करून ठेवल्या होत्या. त्या तशाच उभ्या. चौकटीतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरून एक जीप चालली होती.

"म्या दोनदा हितं उभं राहून आवाज दिला," तात्या म्हणाले. "तूच बोललीस की. बसलोत, येतो, म्हणलीस. दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, थकल्या पोरी."

शीतलने रॅककडे बोट दाखवलं. रॅकवर पाला हिरवागार होता. नुकता टाकल्यासारखा.

इथपर्यंत मी मलाच समजावलं असतं. उकाडा, ब्लिचिंगचा वास, दोघींना एकदम चक्कर, भास. विज्ञानात बसवलं असतं. पण माझी बोटं दुखत होती. नखांत निळा रंग होता. मी फांद्या बाजूला फेकल्या, तार सोडली आणि दार भिंतीपासून ओढलं. भिंतीकडच्या अंगाला, जिथे बोटही शिरायला जागा नव्हती, तिथे माझ्या छातीच्या उंचीवर ताजे ओरखडे होते. खाली रंगाचे पोपडे पडले होते.

तात्या बराच वेळ बघत राहिले. आमच्यासाठी पाणी घेऊन आले, आणि तो तांब्या त्यांनी चौकटीच्या बाहेर उभं राहून दिला.

पुढचं कॉलेजात. मी तक्रार दिलीच होती. ओजेटी बघणाऱ्या सरांनी तात्यांनाही बोलावून घेतलं. नियम असा, की प्रशिक्षण केंद्राची चूक असेल तर विद्यार्थ्यांचे तास धरायचे आणि दुसरी जागा द्यायची. मुलं आपण होऊन सोडून गेली तर काही नाही. शीतल पुन्हा त्या शेडमध्ये पाय ठेवणार नव्हती, म्हणजे तिचं वर्ष आता माझ्या एका शब्दावर होतं. आमच्या विद्यार्थी संघटनेतल्या मुलांनी मला पढवूनच पाठवलं होतं... बंद होतं म्हण, बघायला कोण आल्तं?

सरांनी विचारलं, "एकच सांग. दार बंद होतं की उघडं?"

तात्या खुर्चीच्या टोकावर बसले होते, मांडीवर टोपी. मी त्यांच्याकडे बघितलं. मी ज्यांच्याविरुद्ध बोलते ते लोक खोटं बोलतात, हा माझ्या प्रत्येक भाषणाचा पाया आहे. मी म्हणाले, "सर, आमच्यासाठी बंद होतं. त्यांच्यासाठी उघडं होतं."

सर हसले. म्हणाले, हे पत्रकात छापणार का? शीतलने मान खाली घातली. तिचं वर्ष गेलं असं मला वाटलं, आणि ते मी घालवलं असंही वाटलं.

तेव्हा तात्या बोलले. "पोरगी खरं बोलून राह्यली सर. म्या दार पाह्यलंय. शीतलचे तास मी भरून देतो. तिला तुतीत काम देतो, शेडात पाय न्हाई ठेवायचा."

सरांना मिटवायचंच होतं. मिटलं.

बाहेर आल्यावर तात्यांनी मला बाजूला घेतलं. अळ्या उपाशी ठेवता येत नाहीत, कोष होईपर्यंत आत जावंच लागतं. एवढी बॅच जालन्याच्या बाजारात गेली नाही तर त्यांचं वर्ष जातं. "मी आत असलो की तू बाहेर उभी राह्यशील का?" ते म्हणाले. "नुसतं बोलत राह्य. तुला जमतं ते."

मी गेले. निळं दार त्यांनी बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं. उघडी चौकट, बस. तात्या आत पाला टाकायचे आणि मी बाहेरून बोलायचे. फी, वसतिगृह, एसटीचा पास, परीक्षेचे घोळ. मध्ये मध्ये आतून आवाज यायचा, "जरा दुसरं बोल की." तुतीतून शीतल हसायची. फुकट ओजेटीविरुद्ध भाषणं करणारी मी एका शेतकऱ्याच्या शेडबाहेर फुकट उभी होते.

अळ्या पिकायला आल्या होत्या, कोष धरणारच होत्या, त्या सकाळी माझा फोन वाजला. मी पाठ वळवून बोलत राहिले, फोनवर. तात्यांशी नाही. थोडाच वेळ. वळले तर तात्या चौकटीत माझ्यासमोर उभे.

त्यांचे दोन्ही तळहात हवेत होते. समोर काही नव्हतं. आणि तळहात सपाट दाबलेले होते, बोटांची टोकं पांढरी पडली होती. ते माझ्याकडे बघत होते पण मी त्यांना दिसत नव्हते. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नाही. आतून फक्त ती कुरकुर.

मी हात पुढे केला. कशाला तरी आपटेल म्हणून डोळे मिटले. कशालाही आपटला नाही. त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं.

ते उंबऱ्यावर बसले. त्यांनी किती वेळ झाला ते विचारलं. मी म्हणाले, आत्ताच तर... एक फोन घेतला. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचा घसा पार बसला होता. दिवसभर ओरडल्यावर बसतो तसा. आमच्या मोर्चांनंतर माझा कितीदा बसलाय, मला तो ओळखू येतो.

शीतलचे तास भरले, ती पास झाली. तात्यांनी बॅच विकली. पुढची घेतली की नाही, मी विचारलं नाही.

या वर्षी आमच्या पत्रकात एक मागणी नवीन आहे. ओजेटीला जाणारा कोणताही विद्यार्थी आत असताना बाहेर एक माणूस उभा असलाच पाहिजे, आणि त्याने आतल्याशी बोलत राहिलंच पाहिजे. सरांनी विचारलं, याला आधार काय? मी म्हणाले, आधार नाही सर. स्पष्टीकरणही नाही. मागणी आहे.