मागून दिसते ती माझी बायको

माझ्या बायकोचा एकच सीन होता. तो माझ्यामुळे कापला गेला.

आज शालूला जाऊन वर्ष झालं. कुठेतरी हे कबूल करायला हवं म्हणून लिहितोय. शिक्षण सातवीपर्यंत. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची कांजूरमार्गची चाळ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाईलवर बघितली असेल. कॉलेजच्या पोरांची ती सिरीयल, चार सीझन चालली. त्यातल्या मितालीचं घर म्हणजे आमच्या शेजारची बंद खोली. दुसरा मजला. गॅलरी आमचीच, कपड्यांच्या दोऱ्याही आमच्याच.

शूटिंगवाले पहिल्यांदा आले तेव्हा मला टेन्शन. गॅलरीभर वायरी. कोणी अडकून पडलं तर? शॉर्टसर्किट झालं तर? मी दिवसभर वायरी राखत बसायचो.

शालू मात्र त्या पोरांत रमली. सिरीयल बघायला लागली.

"अहो, ह्यांच्यात कोणी नटत नाही बघा. तोंडावरचे पिंपल पण तसेच ठेवलेत."

नापास होणारी पोरं, घरात मार खाणारी, आईबापाशी खोटं बोलणारी. मी म्हणायचो, असलं काय बघतेस?

"असंच असतं. आपल्याला कळलं नाही, एवढंच."

मितालीचं काम करणारी मुलगी आमच्याकडे घावणे खायला यायची. शालूने तिला खऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. मितालीच.

शेवटचा भाग दोन तासांचा, अख्ख्या पिक्चरएवढा. त्यात मिताली घर सोडून जाते. डायरेक्टर मुलगी शालूला म्हणाली, "आजी, शेजारीण तुम्हीच करा. तुम्ही कपडे वाळत घालताय, ती बॅग घेऊन मागून जाते. वळायचं आणि म्हणायचं, जेवून जा गं."

"एवढंच?"

"एवढंच. आम्हाला रोज म्हणता तसं. ॲक्टिंग नको."

तीन शब्द. आठ दिवस पाठ केले तिने.

भांडी घासताना जेवून जा गं. देवापुढे दिवा लावताना जेवून जा गं.

मी म्हणालो, "अगं, देव कंटाळला."

"तुम्ही गप ऱ्हवा. तुम्हाला घेतलं नाही म्हणून जळताय."

गावी वहिनीला फोन, बडोद्याला मुलीला फोन. शेवटचा भाग बघा हां, मी बोलते त्यात.

शूटिंगच्या दिवशी हिरवी साडी नेसली. मला जिन्यात उभं केलं होतं. "आजोबा, प्लीज, आवाज नको."

मी उभा राहिलो. आणि डोक्यात आलं, ही निघताना डाळ शिजत होती. गॅस बंद केला का हिने? वास आल्यासारखाही वाटला.

"ॲक्शन" झालं. मिताली निघाली. शालूने मान वळवायला सुरुवात केली, तेवढ्यात मी जिन्यातून ओरडलो,

"अगं ए, गॅस बंद केलास का?"

"कट!"

"बंदच आसा हो गॅस!" चिडली की ती मालवणीत जायची. सगळी पोरं हसली. ती लाल झाली.

परत घेतलं. आता शालूचं सगळं लक्ष जिन्याकडे, हा बाबा पुन्हा ओरडतो की काय. शब्दच फुटेना. तिसऱ्या वेळी "जेवून" म्हणाली आणि थांबली. तोवर गॅलरीतलं ऊन गेलं.

"झालं आजी. बघू काय करता येतं."

घरी मी मान वर करीना. शालूनेच ताट वाढलं. "जेवा आता. तुमच्यामुळे हिरॉइन व्हायची राहिले मी."

हसली. मला वाटलं, विसरली.

भाग यायच्या आधीच तिचं पोटाचं दुखणं निघालं. तपासणीला उपाशीपोटी बोलावलं होतं. सकाळी चहासुद्धा न घेता निघाली. तिला रिक्षात बसवलं आणि मी परत दोन मजले चढून आलो, गॅस बघायला.

बंद होता.

हॉस्पिटलने तिला तिथेच ठेवून घेतलं. रोज विचारायची, "आला का हो तो शेवटचा?"

"येईल."

ती गेली आणि पंधरवड्याने आला.

मुलीने लावून दिला. मिताली बॅग घेऊन निघते. दोरीवर कपडे. हिरव्या साडीतली एक बाई, पाठ आपल्याकडे. तिची मान वळायला लागते. कानातलं दिसतं.

आणि कट. तिथे मी ओरडलो होतो.

मिताली जिना उतरून जाते. ती परत येत नाही. शेवटी तिच्या आईला तिचं दप्तर तेवढं मिळतं.

खाली लोकांनी लिहिलंय, किती खरं दाखवलंय, एवढी भरलेली चाळ आणि पोरीला कोणी हटकलं पण नाही. एकाने लिहिलंय, ती शेजारीण बघा, वळली सुद्धा नाही.

वळत होती हो ती. आठ दिवस तेच म्हणत होती.

डायरेक्टर मुलीला फोन केला. ती रडली, पण म्हणाली, "आजोबा, उरलेलं आम्ही ठेवत नाही." शालूचा दुसरा व्हिडिओ माझ्याकडे नाही. आवाज तर कुठेच नाही.

मी थांबवून थांबवून बघतो. कानातल्यापर्यंत येतं. नात म्हणते, "आजोबा, पुढे नाहीये काही."

माहीत आहे मला.

तेव्हा कोणी बघितलंत तर त्या बाईला नावं ठेवू नका. एवढंच मागणं.

आज वर्षश्राद्ध. तिच्या आवडीची डाळ केली होती मुलीने. पान गॅलरीत ठेवलं, दोरीखाली. मुलगी म्हणाली, "बाबा, बोला काहीतरी." माझ्याही तोंडून शब्द फुटेना.

म्हणून इथे लिहितोय.

शालू, गॅस बंद आहे. तीनदा बघितला.

जेवून जा गं.