लगामातलं हसू

समजा, तुम्हाला गुडघे आणि तळहात फरशीवर टेकून घोडा व्हायचं आहे. पाठीवर तरणीताठी बाई बसणार, तुमच्या तोंडात लोखंडी कडी, लगाम तिच्या हातात. आणि हलायचं नाही. शिंक आली तर गिळायची.

प्रागमधला प्रोकोप जीनगर सुगीपासून बर्फ पडेपर्यंत हे काम करत होता. खरं तर तो दरबारी चित्रकार योस्तकडे फक्त लगाम पोचवायला गेला होता. योस्तनं त्याची पांढरी दाढी, रुंद कपाळ पाहिलं आणि त्याला ठेवूनच घेतलं.

"हा कोण?" कोळशाच्या रेषांकडे बघत प्रोकोपनं विचारलं.

"ॲरिस्टॉटल. जगातला सगळ्यात शहाणा माणूस. बायकांपासून जपून राहा, असं राजाला शिकवायचा. मग फिलिस नावाच्या पोरीनं त्यालाच बागेत रांगायला लावलं."

"मग शहाणा कसला?"

"तेच तर चित्र आहे. वाका आता."

फिलिस म्हणून बसायची ती वोर्शिला, नदीवरची धोबीण. "काका, हाडं टोचतात तुमची," ती म्हणायची, "उद्या खोगीर घालून या." तिच्या झग्याला राखेच्या पाण्याचा आणि उन्हाचा वास यायचा.

चित्र किल्ल्यात गेलं. तिथं गल्लीतलं कोण जाणार? पण कुणीतरी त्यावरून तांब्याचा ठसा कोरला आणि पुढच्या जत्रेत त्याचे कागद मधाच्या पोळ्यांशेजारी दोरीवर लटकू लागले. खाली उपदेश छापला होता : वासना स्वार झाली की बुद्धीचं जनावर होतं. "प्रोकोप, वैरण झाली का?" खाटीक दुकानातून ओरडायचा. प्रोकोप तेही सोसत होता.

त्याची बायको सालोमेना एक कागद घेऊन घरी आली. तिनं तो मेजावर पसरला.

"हसताय तुम्ही."

"कडीनं तोंड ओढलं जातं गं. घोडासुद्धा तसाच दिसतो."

"मी तोंडाचं म्हणत नाही. हे डोळे बघा. माझ्यासमोर कधी झाले होते असे?"

त्यानं दुकानातली कडी आणली, तिच्यासमोर तोंडात धरली आणि लगाम स्वतःच मागं ओढला. सालोमेनानं बराच वेळ पाहिलं.

"तोंड तसंच आहे," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. हिवाळ्यात तिला ताप भरला. कूस भिंतीकडे होती, ती तिनं शेवटपर्यंत बदलली नाही.

तिला पुरल्यावर प्रोकोप योस्तकडे गेला. कदाचित ते डोळे चित्रकारानंच आपल्या मनानं रंगवले असतील. तसं असेल तर निदान कबरीपाशी जाऊन सांगता आलं असतं.

"डोळे?" योस्त रंग घोटत म्हणाला. "समोर होते तसे काढले असतील. नाहीतर माझ्या मनानं. इतकी चित्रं झाली मधे, आता कुठलं आठवायला?"

प्रोकोप तसाच नदीवर गेला. वोर्शिला गार पाण्यात चादरी आपटत होती. तिचे हात लालभडक झाले होते.

"मी हसत होतो का गं तेव्हा?"

"मला काय माहीत, काका? मी वर होते. मला तुमचं टक्कल दिसायचं."

तिनं चादर पिळली. दुसरं टोक आपसूक प्रोकोपनं धरलं.

"पण पाठीवर बसलेल्याला कळत नाही का गं," त्यानं विचारलं, "खालचा माणूस सुखात आहे की नाही ते?"